चुली वाढल्या, गायरान आटलं : एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव पश्चिम महाराष्ट्रातल्या अवर्षणप्रवण पट्ट्यातलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि तालुक्याचं नाव दिलेलं नाही, गावाचे आकडेही गोल केले आहेत. राज्याचे आकडे मात्र जनगणनेचे आहेत. मी तेव्हा पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. २०१८ ते २०२२ या काळात गावात माझं सतत जाणं-येणं होतं. पुढे जे जे चुकलं म्हणून लिहिलंय, त्यातलं निम्मं तरी माझ्याच हातून चुकलेलं आहे.

एसटीतून उतरलं की आधी शाळा, मग ओढा आणि ओढ्यापलीकडे पांढरीवर वसलेलं गावठाण. गावठाणाच्या उत्तरेला गायरान. चाळीस एकर मुरमाड माळ, मध्ये पिराचं थडगं, कडेला बाभळी. पावसाळ्यात त्यावर कुसळी आणि पवना उगवतो, दिवाळीनंतर सगळं पिवळं पडतं. कागदावर ही जमीन ‘गुरचरण’. प्रत्यक्षात तिथे मेंढरं चरत, यात्रेतल्या कुस्त्या होत, लग्नाला आलेल्या गाड्या लागत, ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या घालत आणि उरलेला सगळा वेळ पोरं क्रिकेट खेळत.

२००१ साली गावची लोकसंख्या २,४०० च्या घरात होती, २०११ साली २,६००. दहा वर्षांत दोनशे माणसं. गावापासून बारा किलोमीटरवर एमआयडीसी आहे, तिथल्या कामगारांनी येऊन गाव फुगवलं असंही नव्हतं. हे आकडे पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडली नसती, माझ्याही पडली नव्हती.

अडचण

घरकुलाचं प्रपत्र ‘ड’, म्हणजे आधीच्या यादीतून राहिलेल्या कुटुंबांचा अर्ज, भरायचं काम चालू असताना ग्रामसेवक एक यादी घेऊन आले. अडतीस कुटुंबं पात्र, पण बांधायला जागा नाही. घर मंजूर झालं तर १ लाख २० हजार रुपये मिळणार, पण ते घर उभं कशावर करायचं?

सरपंचताई २०१७ च्या थेट निवडणुकीत निवडून आल्या होत्या. त्यांचा प्रश्न सरळ होता. “साहेब, चाळीस एकर माळ नुसता पडून आहे. त्यातला दोन एकर गोरगरिबांना दिला तर कुणाचं काय जातं?”

कायद्याचं उत्तरही सरळच होतं, फक्त उलट्या दिशेला. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्यावर महाराष्ट्र शासनाचा १२ जुलै २०११ चा निर्णय आला. २०१७ साली जमीन महसूल अधिनियमात कलम २२-अ घातलं गेलं आणि गायरान खासगी व्यक्तीला देण्याचा रस्ता जवळजवळ बंद झाला. दुसरी सोयीची जागा नसेल तर सार्वजनिक कामासाठी शासनाला ती वापरता येते, तीही अटींवर. एखाद्या कुटुंबाच्या घराला मात्र नाही.

हे सांगून मी मोकळा झालो असतो. पण निघताना मोटारसायकल माळाकडे वळवली आणि माळ पडून नाही हे दिसलं. गावठाणाला लागून पत्र्याची शेडं, त्यांच्यामागे गोठे, गोठ्यांच्या मागे काट्याचं कुंपण. पुढे मोजणी झाली तेव्हा नऊ एकर गेलेला निघाला.

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच माझ्या मनात आला : बाहेरचे लोक. एका शेडसमोर थांबलो. आतून तिशीतला एक जण आला. एमआयडीसीत कंत्राटी कामाला, तीन भावांतला मधला. आईवडील गावठाणात थोरल्याकडे. “भांडण नाही ओ साहेब. तीन खोल्यांत अकरा माणसं होतो. धाकट्याचं लग्न ठरलं, मग मी इकडं आलो.” शेडाच्या दाराशी गॅसची शेगडी, मागे दोन शेळ्या. त्याने एक गुंठा व्यापला होता आणि शेळ्यांसाठी आणखी एक. ओळीतली बाकीची शेडंही गावच्याच लोकांची होती, कुणाचा मधला, कुणाचा धाकटा.

गाव वाढत नव्हतं, फुटत होतं. म्हणजे आपण इतकी वर्षं मोजतोय ती डोकी, आणि जागा खातेय ती चूल.

चुलींची मोजणी

ग्रामसेवक, दोन आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शाळेतले एक गुरुजी, एवढ्यांनी २०१९ च्या उन्हाळ्यात घर न् घर पालथं घातलं. शिधापत्रिका किती, नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर, नावं किती, हे विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. विचारायचं एवढंच, की स्वयंपाक कुठं होतो आणि कुणाकुणाचा होतो.

यातही गोची होतीच. एका वाड्यात एकच स्वयंपाकघर आणि त्यात तीन सिलिंडर. दोन ओट्यांच्या मधे साडीचा पडदा. अंगणवाडीताईंनी विचारलं, “एक चूल लिहू का तीन?” थोरली जाऊ म्हणाली, “एकच लिहा.” पडद्यापलीकडून आवाज आला, “तीन लिहा बाई, भाजी वेगळी शिजती.” आम्ही तीन लिहिल्या.

बेरीज झाली ७६० चुली आणि २,९०० माणसं. २००१ साली हेच गाव ४३० कुटुंबांचं होतं, २०११ साली ५६०. अठरा वर्षांत माणसं वाढली वीस टक्के आणि चुली पाऊणपट. २००१ साली एका घरात साडेपाच माणसं होती, २०१९ ला चारसुद्धा नाहीत.

गाव अपवाद आहे का, म्हणून राज्याचे आकडे काढले. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली, म्हणजे सोळा टक्के वाढ. त्याच दशकात कुटुंबं सुमारे १ कोटी ९१ लाखांवरून २ कोटी ३८ लाखांवर गेली, म्हणजे पंचवीस टक्के. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तर या दहा वर्षांत लोकसंख्या घटली. तरी गणपतीत कोकणात जाणाऱ्या कुणालाही विचारा, घरं घटली का म्हणून. राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ वर आला आहे. म्हणजे पाळणे कमी झाले, तरी जोत्यांची खोदाई थांबणार नाही. २,५०० माणसं पाच-पाचच्या घरात राहिली तर ५०० घरं लागतात, चार-चारच्या घरात राहिली तर ६२५. एकही मूल न जन्मता सव्वाशे घरं वाढली.

वेगळं होण्याला आम्हीही हातभार लावतो, हेही कबूल केलं पाहिजे. शिधापत्रिका कुटुंबाला, घरकुल कुटुंबाला, नळजोडणी कुटुंबाला. एकत्र राहिलात तर एकच घरकुल, वेगळे झालात तर तीन. पुन्हा ‘कुटुंबं फार फुटायला लागली’ म्हणून मीटिंगमध्ये हळहळणारेही आम्हीच.

मोजणीत आणखी एक गोष्ट हाती लागली आणि माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. गावठाणात चौसष्ट जागा पडीक निघाल्या. ढासळलेले वाडे, कुलूपबंद घरं, नुसती जोती, एका जोत्यावर तर वीस फुटांचा पिंपळ. सगळ्यांची बेरीज अडीच-तीन एकर भरत होती. अडतीस घरकुलांना लागणाऱ्या जागेच्या कितीतरी पट. अडतिसातल्या निम्म्याहून जास्त कुटुंबांचा यांपैकी कुठल्या ना कुठल्या जागेत हिस्सा होता. पण एकेका जागेला दहा-दहा, वीस-वीस वारस. कुणी पुण्यात, कुणी भिवंडीत, आत्या दिल्या त्या गावी. एक जागा तर तेवीस जणांची. तेवीस नावं असलेल्या जागेवर कुणीच वीट ठेवू शकत नाही आणि कुणाचंच नाव नसलेल्या माळावर कुणीही पत्रा टाकू शकतो. गावात मोकळी जागा होती, पण अडकून पडलेली. म्हणून जी अडकलेली नव्हती, ती संपत होती.

समोरचे पर्याय

ग्रामसभेत आणि त्याहून जास्त पारावर जे पर्याय बोलले गेले, ते असे होते.

एक, गायरान मागायचं. जुनी निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचं शासनाचं धोरण २०१८ साली आलं होतं, त्यामुळे ‘आधी बसा, मग होतंय नियमित’ ही भावना घट्ट झाली होती. मी ठाम नाही म्हणालो. कायदा आडवा होता, आणि दोन एकर अधिकृत दिले की पुढचे दहा आपोआप जातात हे शेजारच्या गावात पाहिलं होतं.

दोन, गावठाण विस्तार. प्रस्ताव प्रांतांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, त्यासाठी लगतची जमीन लागते. ती बागायतदारांची. तयार कोण होणार, आणि वर्षं किती लागणार?

तीन, खासगी जागा विकत घेणं. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून भूमिहीन घरकुल लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला तेव्हा ५० हजार रुपये मिळत. इथे सरकारचा डावा हात आणि उजवा हात एकमेकांना ओळखत नव्हते. पाचशे फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही, आणि तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा शेतजमिनीचा गुंठाभर तुकडा विकू देत नव्हता. एक खातं पैसे देत होतं, दुसरं दस्त अडवत होतं. गावठाणालगतच्या दोनशे मीटरच्या पट्ट्यात, जिथे वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज उरली नव्हती, तिथे काही शेतकऱ्यांकडून जमण्यासारखं होतं. पण गुंठ्याचा भाव अनुदानाच्या तिप्पट-चौपट.

चार, मजले. गायरानाऐवजी ग्रामपंचायतीच्या जुन्या चावडीच्या जागेवर तळमजला अधिक एक अशी आठ-दहा घरं. ही कल्पना माझी. ग्रामसभेत मागून एक म्हातारी म्हणाली, “शेळी काय जिन्यानं चढवायची, बाबा?” सभा हसली आणि पर्याय तिथेच मेला. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, पाचशे चौरस फुटांत आम्ही माणसांचं घर मोजलं, शेळी, सरपण, शेणी आणि मोटारसायकल मोजलीच नाही. गायरानावरचं शेड एक गुंठ्याचं दोन गुंठे होतं ते यामुळे.

पाच, अडकलेल्या जागा सोडवणं. कागद वारसांचा, काम भाऊबंदांचं. सगळ्यांत किचकट आणि सगळ्यांत कमी खर्चाचं.

आम्ही पाचवा पर्याय मुख्य धरला, तिसरा जोडीला घेतला आणि गायरानाची हद्द पक्की करायचं ठरवलं. गावठाण विस्ताराचा प्रस्ताव ‘नंतर बघू’ म्हणून ठेवून दिला. हा निर्णय चुकला. जे काम सर्वांत जास्त वेळ खाणार ते सर्वांत आधी दाखल करायला हवं होतं. तो प्रस्ताव गेला २०२० च्या अखेरीस, आणि मी निवृत्त झालो तेव्हाही एका टेबलावर होता.

काय केलं

गायरानाची मोजणी आधी झाली, कारण ती सोपी वाटली. भूमी अभिलेखचे मोजणीदार आले, खुणा रोवल्या. अतिक्रमण करणाऱ्या एक्कावन्न जणांची यादी तयार झाली आणि ग्रामसेवकांनी ती नियमाप्रमाणे सूचनाफलकावर लावली. लावा म्हणून मीच सांगितलं होतं.

यादीत तिसरं नाव सरपंचताईंच्या सासऱ्यांचं होतं आणि सातवं एका सदस्याच्या भावाचं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. कुटुंबातल्या माणसाने केलेलं अतिक्रमणही सदस्याला भोवतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं होतं. महिन्याच्या आत विरोधी गटाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचला. सदस्याचं पद गेलं. ताईंच्या सासऱ्यांनी रातोरात गोठा पाडला आणि प्रकरण रेंगाळत राहिलं.

मला त्या आठवड्यात ताई भेटल्या ते अजून आठवतं. कचेरीच्या व्हरांड्यात उभ्या, हातात फाइल. “तुम्ही म्हणालात तसं मोजलं साहेब. ज्यांनी मोजू दिलं नाही त्यांची पदं शाबूत आहेत.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं गावात ‘मोजणी’ हा शब्द काढायची सोय राहिली नाही. शेजारच्या दोन गावांनीही आपापले मोजणीचे ठराव गुंडाळून ठेवले.

हद्द टिकावी म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये रोजगार हमीतून माळाच्या कडेने चर खणले आणि आत कडुनिंब, करंज, चिंच लावली. हिरवाई दिसली की अतिक्रमण होत नाही, असं आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो. पण चर खणले ते नेमके मेंढरांच्या वाटेवर. धनगरवस्तीतले एक वयस्क आबा मला चराच्या काठावर घेऊन गेले. त्यांच्या कळपातली एक गाभण मेंढी आदल्या दिवशी चरात पडून पाय मोडून बसली होती. “माळ राखायचा म्हणताय, मग राखणारे आम्हीच की. आम्ही रोज हिंडतोय म्हणून तिकडं कुणी पत्रा टाकत नव्हतं. आता आम्ही दुसरीकडं वळलो तर इथं कोण येणार?”

त्यांचं भाकीत फार लवकर खरं ठरलं, त्याला कारण मात्र कुणाच्या स्वप्नात नव्हतं असं घडलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुण्या-मुंबईतली माणसं गावी आली, आधी शाळेत आणि मग भावाच्या घरी. चार महिन्यांत गायरानावर बावीस नवी शेडं उभी राहिली. कुणाला हटकायचं? शहरात भाडं थकलेलं, इथे भावाच्या दोन खोल्या. करंजाची रोपं शेळ्यांनी खाल्ली, चिंचेची काही उन्हाने गेली.

वारसांचं काम याच्या उलट, मुंगीच्या पावलाने आणि बरं चाललं. दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, वेळ. इतर दिवशी तेवीस वारस गोळा करणं ब्रह्मदेवाला जमणार नाही, पण चैत्रातल्या यात्रेला गाव भरतं. २०१९ च्या यात्रेत आम्ही देवळाशेजारी टेबल मांडलं, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब आणि तालुक्याहून एक दस्तलेखक. नंतरच्या दोन यात्रा टाळेबंदीने बुडाल्या, २०२२ ची पुन्हा भरली. दुसरी, मागणी लहान ठेवली. ‘वाटणी करा’ म्हटलं की चार पिढ्यांचा हिशोब निघतो. आम्ही म्हणायचो, “अख्ख्या जागेचं काही नको. एवढ्या कोपऱ्यापुरतं चुलत्याच्या पोराला हक्कसोड द्या, बाकी जागा तशीच सामाईक राहू द्या.” मुद्रांकाचा खर्च किरकोळ. सगळ्यांत आधी सह्या बहुधा आत्यांच्या होत आणि सगळ्यांत शेवटी पुण्यात फ्लॅट असलेल्या पुतण्यांच्या.

मधेच एक मदत आपोआप आली. गावठाणांची ड्रोनने मोजणी. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला तिचा पहिला प्रयोग झाला होता, पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. आमच्या गावाचा सिटी सर्व्हे झालेला नव्हता. हातात कागद म्हणजे नमुना ८, आणि तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नाही. ड्रोन येणार म्हणून आदल्या दिवशी गावभर चुन्याच्या फक्क्या मारल्या. ज्याने त्याने आपल्या हद्दीवर पांढरी रेघ ओढायची, वरून ती दिसते. त्या दिवशी दोन भावकींत हातघाई झाली, कारण एकाच बोळात दोन रेघा पडल्या. पण ज्या पडक्या जागांकडे वीस वर्षं कुणी फिरकलं नव्हतं, त्यांच्याभोवतीही चुना पडला. कुणाचं आहे ते कळलं, निदान कोण कोण भांडणार आहे ते तरी.

जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाचं परिपत्रक आलं, तुकडेबंदीत न बसणारे दस्त परवानगीशिवाय नोंदवू नका म्हणून, आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांचे दस्त जवळपास थांबले. तिसरा पर्याय तिथे अडला. घरकुलासाठी हजार चौरस फुटांपर्यंतच्या तुकड्याला परवानगीची वाट निघाली ती २०२४ साली, आमची गरज संपल्यावर म्हणा किंवा चिघळल्यावर.

आणि मग २०२२ चा पावसाळा सरता सरता उच्च न्यायालयाने राज्यभरच्या गायरान अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली. वर्षअखेरपर्यंत कारवाई करायची म्हणून नोटिसा निघाल्या. पंचवीस वर्षं पक्क्या घरात राहणारी विधवा आणि टाळेबंदीनंतर दुसरा प्लॉट म्हणून खांब रोवून ठेवलेला ठेकेदार, दोघांना एकाच मजकुराची नोटीस. गावात चार रात्री झोप नव्हती. पुढे कारवाई थंडावली, आमच्या गावात एकही घर पडलं नाही. पण नोटिशीने एक झालं. तोवर जे लोक ‘आमचं काय जातंय’ म्हणून गप्प होते तेही अतिक्रमण करणाऱ्यांच्या बाजूला गेले, कारण प्रत्येकाचा कुणीतरी भाचा, कुणीतरी मेहुणा त्या ओळीत होता.

निकाल

अडतीस कुटुंबांचं काय झालं ते आधी. चौसष्ट पडीक जागांपैकी अकरा सुटल्या आणि त्यांवर चौदा घरकुलं उभी राहिली. सात कुटुंबांनी २०२१ च्या आधी खासगी जागा घेतली, अनुदानात पदरचे आणि कर्जाचे पैसे घालून. तीन नावं मृत्यू किंवा दुसरीकडे लाभ मिळाल्यामुळे कमी झाली. उरली चौदा. त्यांतल्या सहांनी शेवटी गायरानावरच शेड टाकलं. म्हणजे मी पाहिलेल्या शेवटच्या यादीपर्यंत आठ कुटुंबांचा प्रश्न तसाच होता.

गायरान चाळीसपैकी सत्तावीस एकर उरलं. नऊ एकर गेलेले असताना आम्ही कामाला लागलो, तेरा गेले असताना थांबलो. हे यश की अपयश, यावर माझं आणि ग्रामसेवकांचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, काही केलं नसतं तर वीस गेले असते. मला हा युक्तिवाद पटतो, पण समाधान देत नाही.

कुस्त्यांचा आखाडा ओढ्याकडे सरकला. मेंढरांचा जाण्याचा मार्ग दोन ठिकाणी चर बुजवून मोकळा केला, तोही आबांनी स्वतः पोरं लावून. क्रिकेटची खेळपट्टी जागेवरच आहे, फक्त लेग साइडला सिक्सर मारला की चेंडू पत्र्यावर वाजतो, त्यामुळे तिकडे मारलं की आउट असा नियम पोरांनी केलाय.

आज करायचं झालं तर

पहिल्या दिवशी चुली मोजेन. लोकसंख्येचा आकडा फळ्यावर लिहून सुरू होणाऱ्या सगळ्या मीटिंगा मला आता अर्धवट वाटतात. आम्ही २०१९ साली २०११ चे कपडे अंगावर चढवून बघत होतो, आणि पुढे २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. पुढची गणना २०२७ ची. तिच्या घरयादीत कुटुंबांचा आकडा माणसांच्या आकड्याच्या आधी येईल. गावांनी तो हाती येताच उतरवून घ्यावा, तालुक्याच्या अहवालाची वाट बघू नये.

नावांची यादी आधी लावणार नाही. नकाशा आधी लावेन, नावाविना : एवढा माळ होता, एवढा उरला. तारीख ठरवून फोटो काढेन आणि ग्रामसभेत म्हणेन की मागचं जे आहे त्याचं बघू, या तारखेनंतरच्या पत्र्याला वीज नाही, नळ नाही, नमुना ८ ला नोंद नाही. कायद्याने जुन्या अतिक्रमणाला अभय देता येत नाही हे मला माहीत आहे. पण वाढ थांबवायला कायद्याच्या आधी गावाचा शब्द लागतो, आणि तो शब्द देणारीच माणसं आम्ही यादी लावून घालवली. अपात्रतेचं कलम चांगल्या हेतूने आलं. आमच्या गावात त्याने मोजणीच्या बाजूचे लोक आधी गारद केले.

चर खणण्याआधी मेंढपाळांना विचारेन. हे लिहायलाही लाज वाटते इतकं साधं आहे.

गावठाण विस्ताराचा प्रस्ताव पहिल्याच महिन्यात पाठवेन, आणि तो नुसता घरांचा नसेल. गावठाणालगत गुंठेवारीने ज्या जागा विकल्या गेल्या, त्यांत मुलांना खेळायला वा बायकांना वाळवण घालायला वीतभर जागा राहिलेली नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठा ले-आउट असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, असा बांधकामाच्या २०२० पासूनच्या एकात्मिक नियमावलीचा नियम आहे. पण ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे, आणि इथे विक्री होते एक-दोन गुंठ्यांची, वर्षाला चार-पाच. नियमाला हात लागत नाही आणि पाच वर्षांत पट्टा भरून जातो. विस्तारातच मोकळा चौक आखून घेणं हा यावरचा मला दिसणारा एकच मार्ग, आणि तो प्रस्ताव आम्ही उशिरा पाठवला.

आणि यात्रेतलं टेबल दरवर्षी मांडेन, घरकुलाची यादी असो वा नसो. अकरा जागा दोन यात्रांत सुटल्या. त्रेपन्न अजून आहेत. पिंपळ उगवलेलं ते जोतं त्यांतलंच. त्याच्या तेवीस वारसांपैकी एकोणीस सह्या झाल्या होत्या. चार जण सापडले, पण एकमेकांच्या आधी सही करायला तयार नव्हते.